ठाण्यातून पहिल्या एटीपी गुणापर्यंत: टेनिसच्या वाटेला लागलेल्या घरासाठी

एका संध्याकाळी सोसायटीच्या कोर्टवरचे कोच तुम्हाला बाजूला घेतात आणि म्हणतात, "याच्या हातात खेळ आहे. याला स्पर्धा खेळवा." आमच्याकडे हे नऊ वर्षांपूर्वी घडलं, घोडबंदर रोडवर. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. स्पर्धा म्हणजे कुठल्या, नाव कुठे घालायचं, शाळेचं काय, पैसे किती लागतील, यातलं आम्हाला काहीही ठाऊक नव्हतं. ओळखीत कुणी टेनिसवाला नव्हता. क्रिकेटचं विचारलं असतं तर गल्लीत दहा जणांनी सांगितलं असतं. आज मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, व्यावसायिक स्पर्धांच्या सगळ्यात खालच्या पायरीवर खेळतो आणि गेल्या वर्षी त्याला पहिला एटीपी गुण मिळाला, म्हणजे पुरुषांच्या जागतिक क्रमवारीतला पहिला गुण. आम्ही जे चुकतमाकत शिकलो ते नव्या आईवडिलांसाठी क्रमानं लिहितो आहे.

आधी एक काम करा. एक वही करा आणि तिच्यात मुलानं खेळलेली प्रत्येक मॅच लिहा: तारीख, स्कोअर, कोर्ट कसलं होतं, किती वेळ चालली. पहिली तीन वर्षं आम्ही स्पर्धा मोजत होतो. वर्षाला वीस स्पर्धा खेळला म्हणून खूश होतो. नंतर हिशेब केला तेव्हा दिसलं की त्या वीस स्पर्धांत मिळून एकेरीच्या मॅचेस झाल्या जेमतेम एकतीस, आणि त्यांतल्या निम्म्या एकतर्फी. मूल घडतं ते अटीतटीच्या मॅचेसमधून. ज्या वर्षी अशा मॅचेस जास्त झाल्या त्या वर्षी मुलगा पुढे गेला, मग रँकिंग काहीही असो. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या वहीला धरूनच आहे.

दहाच्या आतलं मूल

चेंडूचा रंग बघा. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के मंद असतो. लाल चेंडूचं कोर्ट ११ मीटर लांब, नारिंगीचं १८ मीटर, आणि मग पूर्ण २३.७७ मीटरचं. आपल्याकडे हौसेपोटी सात वर्षांच्या पोराला थेट पिवळा चेंडू आणि पूर्ण कोर्ट देतात. चेंडू त्याच्या डोक्यावरून उसळतो, मूल मागे मागे सरकत मनगटानं मारायला लागतं आणि ती सवय पुढे सोडवता सुटत नाही. कोच हिरव्या चेंडूवर थांबवतात म्हणून बरेच पालक नाराज होतात. असे कोच मिळाले असतील तर त्यांना धरून राहा.

कोर्ट आणि कोच

कोर्ट घराजवळ हवं. अकादमीच्या नावाला भुलू नका. घोडबंदर रोडवरच्या वाहतुकीत रोज दीड तास गेला तर त्या दीड तासात मुलाची झोप, जेवण आणि अभ्यास यांपैकी काहीतरी जातंच. पाचपाखाडी किंवा नौपाड्यात राहणाऱ्यांना कधीकधी ठाणे–वाशी लोकलनं नवी मुंबईतलं कोर्ट गाठणं ठाण्याच्याच दुसऱ्या टोकाला जाण्यापेक्षा सोपं पडतं. ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळच्या लोकांनाही उलट दिशेनं हे लागू आहे. आम्ही तीन वर्षं ती लोकल केली. रॅकेटची मोठी बॅग घेऊन सकाळी चढता येतं, संध्याकाळी सातनंतर मात्र हाल होतात.

फी भरण्याआधी दोन संध्याकाळी नुसतं जाऊन बसा. एका कोर्टवर किती मुलं आहेत ते मोजा. चारपर्यंत ठीक. आठ मुलं रांगेत उभी राहून पाळीपाळीनं टोपलीतले चेंडू मारत असतील तर तासाभरात तुमच्या मुलाच्या वाट्याला पंधरा मिनिटंसुद्धा येत नाहीत. आठवड्यातून किमान दोनदा गुण मोजून खेळवतात का, हे विचारा. वर्षाची फी एकदम भरू नका. आम्ही एका ठिकाणी भरली, तिसऱ्या महिन्यात मुलाचे कोच तिथून निघून गेले आणि उरलेले पैसे अनेक फेऱ्या मारूनही परत मिळाले नाहीत. महिन्याची किंवा फार तर तिमाहीची फी भरा.

पावसाळ्याचं आधीच ठरवून ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्या भागातली उघडी कोर्टं बहुतेक बंदच असतात. छप्पर असलेलं कोर्ट मिळालं तर आठवड्यातून दोन दिवस तेवढ्यावर भागवा आणि बाकीचे दिवस धावणं, दोरीच्या उड्या, खांदा आणि पोटाचे व्यायाम. मुलाच्या सर्व्हिसमध्ये खरा फरक पडला तो अशाच एका पावसाळ्यात, कारण त्या चार महिन्यांत त्याचे पाय भक्कम झाले.

नोंदणी आणि पहिली स्पर्धा

देशातल्या स्पर्धा अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या, म्हणजे सगळे ज्याला "आयटा" म्हणतात तिच्या छत्राखाली होतात. राज्यात महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना आहे. आयटाची नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी जन्मदाखला लागतो. शाळेचा दाखला, आधार आणि जन्मदाखला यांवरचं नाव आणि तारीख अक्षरशः एक असू द्या. आमच्याकडे आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं होतं, तेवढ्यासाठी महिना गेला. कुणी वय कमी दाखवायचं सुचवलं तर त्या माणसाशी पुन्हा बोलू नका. मुलाचं सगळं आयुष्य त्या खोट्या तारखेवर उभं राहतं.

वयोगट १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील असे आहेत. सुरुवात टॅलेंट सीरिजपासून, वर चॅम्पियनशिप सीरिज, सुपर सीरिज, नॅशनल सीरिज आणि मग राष्ट्रीय अजिंक्यपद. प्रत्येक स्पर्धेचं एक फॅक्ट शीट निघतं. ते पूर्ण वाचा: प्रवेशाची शेवटची तारीख, नाव मागे घेण्याची तारीख, साइन-इनची (हजेरीची सही करण्याची) वेळ, कोर्टचा प्रकार, कुठले चेंडू. साइन-इनला पाच मिनिटं उशीर झाला तरी नाव जातं. पुण्याची स्पर्धा असेल तर एक्स्प्रेसवेवर शनिवारी सकाळी घाट तुंबतो हे धरून निघा, किंवा आदल्या रात्रीच पोहोचा.

पहिल्या वर्षी मुंबई, पुणे, नाशिक एवढंच पुरे. दहा-बारा स्पर्धा भरपूर झाल्या. पहिल्या फेरीत हरणार हे गृहीत धरा, पण हरून लगेच गाडी काढू नका. प्रत्येक स्पर्धेत दुहेरीत नाव घालाच. आणि मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती: सोमवारी सकाळी हरलेली आणखी दहा-पंधरा मुलं तिथेच असतात. त्यांच्या आईवडिलांना भेटा, जवळपास तासाभरासाठी एखादं कोर्ट भाड्यानं मिळतं का बघा आणि दोन पूर्ण सेट खेळवा. नाशिकला आमच्या मुलानं अधिकृत एक आणि अशा तीन मॅचेस खेळल्या. त्या तिघांपैकी एक आजही त्याचा दुहेरीतला जोडीदार आहे.

लहान स्पर्धांत खुर्चीवर पंच नसतो, मुलं आपल्या बाजूच्या रेषेचा निर्णय स्वतः देतात. समोरच्यानं आत पडलेला चेंडू बाहेर दिला की जाळीबाहेर उभ्या बापाचं रक्त उसळतं. माझंही उसळलं आहे. पण कोर्टवरचा वाद मुलानंच मिटवायचा. त्याला एवढं शिकवा: शांतपणे "नक्की?" विचारायचं, दुसऱ्यांदा तेच झालं तर खेळ थांबवून रेफरीला बोलवायचं. आणि शंका असेल तिथे चेंडू आत द्यायचा, हे घरात रोज सांगा.

शाळा

आयटाच्या धावपळीत शालेय स्पर्धा टाळू नका. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत होणाऱ्या या स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या क्रमानं असतात. दहावी-बारावीला सवलतीच्या क्रीडा गुणांसाठी आणि पुढे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी कुठली प्रमाणपत्रं धरतात, ते नियम आठवीतच वाचून ठेवा. मूळ प्रमाणपत्रं एका फाइलीत, तीन-तीन प्रतींसह. नववीनंतर हजेरीचा प्रश्न येतो, तेव्हा बरेच जण राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे वळतात. आम्ही दहावी नेहमीच्या शाळेतून केली आणि बारावी मुक्त विद्यालयातून. दहावीचं वर्ष थोडं कमी खेळला, त्याचं काही बिघडलं नाही.

तेरानंतर: आंतरराष्ट्रीय ज्युनियर

तेरावं वर्ष पूर्ण झालं की आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या ज्युनियर स्पर्धा खुल्या होतात. त्यासाठी आयपिन नावाचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. स्पर्धांच्या श्रेणी जे ३०, जे ६०, जे १००, जे २००, जे ३००, जे ५०० अशा चढत जातात आणि सगळ्यात वर ग्रँड स्लॅमच्या ज्युनियर स्पर्धा. वयानुसार वर्षाला किती स्पर्धा खेळता येतात यावर मर्यादा आहे. ती मर्यादा गाठायची घाई नको.

इथे पालक सर्वाधिक चुकतात, आम्हीही चुकलो. जे ३० स्पर्धा जिथे सोपी पडेल तिथे विमानानं जायचं, दोन फेऱ्या जिंकून गुण आणायचे, रँकिंग वर न्यायचं. आम्ही एका वर्षात असे तीन दौरे केले. रँकिंग सुधारलं, त्या जोरावर जे १०० मध्ये थेट प्रवेश मिळाला आणि तिथे सलग चार वेळा पहिल्या फेरीत दोन-दोन, तीन-तीन गेम घेऊन बाहेर. वहीत त्या चार महिन्यांची पानं जवळजवळ कोरी दिसतात. मोजमाप असं ठेवा: तीनातल्या दोन मॅचेस जिंकत असेल तर वरची श्रेणी, तीनातल्या दोन हरत असेल तर खालची. ज्युनियर क्रमवारीत पहिल्या शंभरात पोहोचलेल्यांना छोट्या व्यावसायिक स्पर्धांत काही राखीव जागा मिळतात. तो मोठा फायदा आहे, पण सतरा-अठराव्या वर्षी. चौदाव्या वर्षी त्यासाठी धावू नका.

याच वयात पासपोर्ट करून घ्या. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा असतो. बरेच देश प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिन्यांची मुदत मागतात, तेव्हा ती तारीखही वहीत हवी. मूल कोचबरोबर जाणार असेल तर आईवडिलांच्या सह्यांचं संमतिपत्र बरोबर द्या.

औषधांबद्दल फार सावध राहा. उत्तेजक चाचणी ज्युनियर स्पर्धांतही होऊ शकते आणि अंगात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. सर्दीचं औषध, जिममधली पावडर, गावाकडून आलेलं ताकदीचं चूर्ण, काहीही देण्याआधी खेळाची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवा. सट्टेबाजीचंही तसंच. टेनिसवर पैसे लावायला खेळाडूला बंदी आहे आणि खालच्या पातळीवरच्या मॅचेसवरही जगभर सट्टा चालतो. "आज पाय दुखतोय का?" असा अनोळखी माणसाचा मेसेज आला तरी उत्तर द्यायचं नाही, थेट रेफरीला सांगायचं. घरच्यांनीही मुलाच्या दुखापतीची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये.

सतरा-अठरा: फाटा

इथे एक वाट अमेरिकेतल्या विद्यापीठाकडे जाते. तिकडे शिष्यवृत्तीवर शिकत वर्षभर चांगल्या मॅचेस मिळतात. सोमदेव देववर्मननं व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन एकेरीचं विजेतेपद मिळवलं आणि मग व्यावसायिक टेनिस खेळला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून. हीच ऋतुजा २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. ही वाट धरायची असेल तर दहावीपासून गुणपत्रिका नीट ठेवा, मॅचचे व्हिडिओ साठवा आणि बक्षिसाची रक्कम स्वीकारण्याआधी तिकडचे नियम तपासा. माझ्या मते बहुतेक मध्यमवर्गीय घरांसाठी हीच वाट शहाणपणाची आहे. आमचा मुलगा गेला नाही. तो निर्णय त्याचा होता आणि आम्ही तो मान्य केला.

दुसरी वाट सरळ एम १५ कडे.

एम १५ चा आठवडा

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची खालची पायरी म्हणजे आयटीएफच्या एम १५ आणि एम २५ स्पर्धा. त्यावर चॅलेंजर, त्यावर एटीपी टूर. एम १५ म्हणजे सगळ्या खेळाडूंत मिळून १५ हजार डॉलर बक्षीस. विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात आणि मुख्य फेरीत पहिलीच मॅच हरणाऱ्याला १५६. रुपयांत साधारण तेरा-चौदा हजार, त्यातूनही कर कापला जातो. खोली दुसऱ्या खेळाडूबरोबर वाटून, कोच न नेता, देशातल्या देशात एका आठवड्याला आमच्या वहीत वीस ते पंचवीस हजार पडतात. पात्रता फेरीत, म्हणजे मुख्य फेरीत शिरण्यासाठीच्या आधीच्या मॅचेसमध्ये, हरलं तर हाती काहीच नाही. या पातळीवर पैसे मिळवायचे नसतात, पैसे पुरवायचे असतात, हे मनाशी पक्कं करूनच मुलाला पाठवा.

एटीपी गुणांचं गणित असं: मुख्य फेरीतली पहिली मॅच जिंकली की १ गुण, उपांत्यपूर्व फेरीला २, उपांत्य फेरीला ४, उपविजेत्याला ८, विजेत्याला १५. एक गुण मिळाला की नाव जागतिक यादीत येतं. पण मुख्य फेरी ३२ जणांची. रँकिंग नसलेल्या मुलाला आधी पात्रता फेरीत शिरावं लागतं आणि तिथे राष्ट्रीय क्रमवारी कामी येते, म्हणून आयटाच्या पुरुष गटातल्या स्पर्धा सोळाव्या वर्षापासून खेळवत राहा. पंचवीस वर्षांच्या कसलेल्या माणसाचा चेंडू किती जड येतो हे ज्युनियरमध्ये कळत नाही.

प्रवेशाची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या अठरा दिवस आधीच्या गुरुवारी असते, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसात वाजता. नाव मागे घ्यायची मुदत त्यानंतरच्या मंगळवारी, त्याच वेळी. फोनवर गजर लावून ठेवा. मंगळवारनंतर माघार घेतली तर दंड किंवा इतर भुर्दंड बसू शकतो.

दौरा तीन आठवड्यांचा आखा. पहिला आठवडा हवा, कोर्ट आणि चेंडू अंगवळणी पडण्यात जातो, खरा खेळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतो. ट्युनिशियातलं मोनास्तिर, तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल शेख इथे वर्षातले बहुतेक आठवडे एकापाठोपाठ एक स्पर्धा असतात, त्यामुळे विमानभाडं एकदाच लागतं. आमचा मुलगा मोनास्तिरला जाताना छोटा कुकर, मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट आणि आईनं केलेल्या दशम्या घेऊन गेला होता. पोट बिघडलं की सगळा दौरा वाया जातो. रॅकेटच्या तारांची दोन पाकिटं जास्त न्या. पॉलिएस्टरची तार तुटली नाही तरी आठवड्याभरात मरते, मग मुलं जोर लावतात आणि कोपर दुखायला लागतो.

परतल्यावर दोन आठवडे स्पर्धा नाही. फक्त फिजिओ, झोप आणि सराव.

पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुमित नागल एकेरीत भारताचा अव्वल खेळाडू होता आणि तेव्हा त्यानं सांगितलं की खात्यात सुमारे ९०० युरो उरले आहेत, वर्षाचा खर्च मात्र कोटीच्या घरात आहे. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यानं ३१ व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईची चॅलेंजर जिंकून पहिल्या शंभरात शिरला. त्याच्यासारख्याची ही कथा असेल तर आपण घर गहाण टाकून उतरू नये. आम्ही नवरा-बायकोनं एक रक्कम आणि एक वय ठरवलं आहे: बाविसाव्या वर्षापर्यंत, अमुक इतके रुपये. मुलाला ते माहीत आहे. लपवलं असतं तर प्रत्येक पराभवाचा भार त्याच्या डोक्यावर राहिला असता.

मुलींसाठी थोडं वेगळं

महिलांच्या स्पर्धा डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५, डब्ल्यू ५० अशा चढतात. डब्ल्यूटीए, म्हणजे महिलांच्या जागतिक क्रमवारीत नाव येण्यासाठी तीन स्पर्धांत गुण लागतात किंवा एकूण किमान १० गुण. चौदाच्या आत व्यावसायिक स्पर्धा खेळता येत नाही आणि त्यापुढेही अठरापर्यंत वयानुसार मर्यादा आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीपासून खेळत डब्ल्यूटीए १२५ स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचली. अशी स्पर्धा लोकलच्या अंतरावर होते तेव्हा मुलांना शाळा बुडवून न्या. मुख्य कोर्टऐवजी सरावाच्या कोर्टपाशी बसवा. खेळाडू मॅचआधी चाळीस मिनिटं काय करतात, दोन चेंडूंच्या मध्ये श्वास कसा घेतात, हे तिथे दिसतं.

वाइल्ड कार्डाची, म्हणजे रँकिंग पुरत नसतानाही आयोजक देतात त्या थेट प्रवेशाची, आस मात्र धरू नका. पुण्याच्या मानस धामणेला जानेवारी २०२३ मध्ये पंधराव्या वर्षी बालेवाडीच्या टाटा ओपनमध्ये मुख्य फेरीचं वाइल्ड कार्ड मिळालं. मायकेल ममोहकडून तो सरळ सेटमध्ये हरला, पण आधीची कित्येक वर्षं त्यानं खेळून दाखवलं होतं म्हणून ते कार्ड मिळालं. फोन करून, ओळखी काढून मिळवलेल्या कार्डानं मुलाचा आत्मविश्वास जातो. आम्ही एकदा तो प्रयत्न केला होता. निकाल ६–०, ६–१.

गुण मिळाल्यावर

आमच्या मुलाचा पहिला गुण पात्रता फेरीतल्या मॅचेस जिंकून आणि मग मुख्य फेरीत तिसऱ्या सेटच्या टायब्रेकवर आला. दोन तास एकोणपन्नास मिनिटं. मी ठाण्यात ऑफिसच्या जिन्यात उभा राहून फोनवर स्कोअर बघत होतो. त्याची आई घरी देवापाशी बसली होती. पुढच्याच आठवड्यात तो पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरला.

हा गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतो. म्हणून तो मिळाला त्या दिवशीच वहीत त्याच्यापुढे गळण्याची तारीख लिहा, त्याआधीच्या दोन महिन्यांत तीन आठवड्यांचा एक दौरा आखा आणि त्या दौऱ्याच्या पहिल्या स्पर्धेचा गुरुवार शोधून फोनवर साडेसातचा गजर लावून ठेवा.